साखऱ्याच्या मैदानावरची श्रद्धांजली

“डावीकडं! आरं डावीकडं! तुह्या न्हाई, माह्या डावीकडं!”

साखऱ्याच्या मैदानावर हे मला कोण सांगत होतं ते कळायला मार्ग नव्हता, कारण अख्खं गावच सांगत होतं. मी गावाचं ऐकलं आणि आमच्याच गोलकीपरच्या पोटात डोकं घातलं. तो खाली, त्याच्यावर मी. बॉल तिसरीकडेच.

मी जन्मापासून आंधळा आहे आणि फुटबॉल खेळतो, फॉरवर्डला. लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, बॉल दिसतो कसा? दिसत नाही, ऐकू येतो. त्याच्या आत खुळखुळे असतात. गोलकीपर सोडून सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी असते, म्हणजे ज्याला थोडंफार दिसतं त्यालाही चोरून बघता येत नाही. बॉल घ्यायला जाताना ‘व्हॉय’ ओरडायचं, नाहीतर फाउल. नियम परदेशातला, पण आमच्या जिल्ह्यात माणूस तसाही दर वाक्याला ‘व्हय’ म्हणतो, त्यामुळे तो कुणाला शिकवावा लागला नाही. समोरच्या गोलमागे आपला एक डोळस माणूस उभा असतो, तो गाइड. आमचा गाइड माझा मित्र प्रल्हाद. तो ‘सरळ’, ‘थोडं उजवीकडं’, ‘मार’ असं सांगतो. प्रेक्षकांनी मात्र गोल होईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

हा शेवटचा नियम साखऱ्याला पटला नव्हता. समोर आंधळा माणूस चाचपडतोय आणि आपण गप्प बसायचं?

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण त्या दिवशी राज्याच्या टीमसाठी निवड करणारे सर मॅच बघायला आले होते. टीममध्ये एकच जागा उरली होती. याआधी दोनदा माझं नाव शेवटच्या क्षणी गळालं होतं आणि माझं वय बघता तिसऱ्यांदा कुणी विचारणार नव्हतं. मला ती जागा फार हवी होती.

हाफटाइमला मी आडवा पडून पाठ दाबून घेत होतो. सर जवळ आले.

“संतोष, तुम्ही बॉल सोडून सगळ्यांशी खेळताय. सेकंड हाफ बघतो आणि निघतो.”

मी माधवदादांना बोलावलं. ते गावातल्या मंडळाचे अध्यक्ष, मॅच त्यांनीच भरवली होती.

“दादा, लोकायला गप करा.”

“आरं, तू चुकून राहिला म्हणून सांगून राहिले ते. माणुसकी हाये ती.”

“त्या माणुसकीत माझी निवड चालली, दादा!”

दादांनी माइक घेतला आणि शांततेची विनंती केली. त्यावर लोक एकमेकांना इतक्या जोरात गप्प करू लागले की दादांचाच आवाज ऐकू येईना. दादा खाकरले आणि अगदी जड आवाजात म्हणाले, “सर्वांनी जागेवर उभं राहून श्रद्धांजली वाहावी, ही विनंती.”

एका क्षणात मैदान चिडीचूप झालं.

आमच्याकडे श्रद्धांजली म्हटलं की कुणी ‘कोण गेलं’ असं मध्येच विचारत नाही. आणि ती घड्याळावर संपत नाही, माइकवाला ‘खाली बसा’ म्हणाला की संपते. दादांनी माइक बंद केला आणि स्वतः खुर्चीत बसले.

रेफ्रीनं मॅच सुरू केली. काय सांगू! इतकी शांतता मला पुण्याच्या मैदानावरही मिळाली नव्हती. बॉल कुठून येतोय, समोरचा कुठं धापा टाकतोय, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. मी दोघांना चकवलं. प्रल्हाद हळूच म्हणाला, “मार.” मी मारला.

शिट्टी वाजली आणि पुढे काहीच नाही. गोल झाला हे मला लोकांच्या ओरडण्यावरून कळतं. इथं कुणी शिंकलंसुद्धा नाही. फाउल झाला असं समजून मी रेफ्रीला विचारलं, “मी काय केलं?”

प्रल्हाद धावत आला आणि कानाशी लागला.

“गोल झाला. वरडू नको, लोक उभे हायेत.”

“आरं, पण गेलं कोण?”

“माहीत न्हाई. पण मोठा माणूस दिसून राहिला, लय वेळ झाला.”

दुसरा गोलही मी असाच, कुणाच्या दुःखात व्यत्यय न आणता केला. मॅच संपल्यावर दादा माइकवर ‘खाली बसा’ म्हणाले, तेव्हा चहूकडून गुडघ्यांचे उसासे ऐकू आले. सरांनी माझा हात दाबला. “निवड पक्की.” मग आवाज खाली आणून विचारलं, “घरातलंच कुणी होतं का?”

मी उत्तर देणार तेवढ्यात माधवदादांनी मला खुर्चीवर बसवून सत्कार सुरू केला. तो चालू असतानाच एक जीप आली. पाठोपाठ माझ्या मामाचा हंबरडा. मामाचा कनेरगाव नाक्याला ढाबा आहे. हाफटाइमला घरी निघालेल्या एकानं मला आडवं पडलेलं पाहिलं होतं. रस्त्यावर त्याच्या कानावर माइकवरची श्रद्धांजली पडली. त्यानं दोन्हीचा हिशोब जुळवला आणि मामाला फोन लावला.

“मामा, मी हाये इथं. माझी निवड झाली.”

रडणं थांबलं. मग पाठीत एक सणसणीत धपाटा बसला.

“जित्ता हायेस तर फोन करायला काय झालतं? गिऱ्हाईक अर्ध्या ताटावरून उठवून आलो मी!”

आणि मला मिठी मारून मामा पुन्हा रडायला लागला. या वेळी मीही रडलो. माझ्या अंत्यदर्शनासाठी आणलेला हार वाया कशाला घालवायचा, म्हणून त्यानं तोच माझ्या गळ्यात घातला आणि लोकांनी अखेर टाळ्या वाजवल्या.

आता कुठंही मॅच असली की मी आयोजकांना दोन गोष्टी आधी सांगतो. लोकांना गप्प करा. आणि कुणी मेलेलं नाही, हेही जाहीर करा.