मांजराकाठची सोपी सायकलवाट आणि दर रिबिनीला एक मिनिट

आमच्या ह्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसवून आठ महिने झाले. डॉक्टर म्हणाले, "आता ठणठणीत आहात. चाला, फिरा, सायकल चालवा." ह्यांनी काय ऐकलं देव जाणे. रोज गेटपर्यंत जातात, गेटला हात लावतात आणि परत येतात. जसा काही पलीकडे समुद्र आहे. पलीकडे हैदराबादमधल्या विद्यानगरचा रस्ता आहे, त्यावर भाजीवाला आहे, बस्स.

एकतीस वर्षं मालगाडी चालवलेला माणूस हा. आता सोफ्यावर बसून दोन बोटं मनगटावर ठेवतो आणि नाडी मोजतो. टीव्हीवर बातम्या चालू, ह्यांची नाडी चालू. तारनाक्याला रिटायर ड्रायव्हरांची टोळी रोज सकाळी बाकावर बसते. आधी त्यांचे फोन यायचे, मग तेही कंटाळले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हृदय नीट आहे, पण माणूस असाच बसून राहिला तर ते नीट राहणार नाही. तेव्हा वाचणाऱ्यांनो, या ट्रिपला सायकल हे नुसतं निमित्त. मला नवरा गेटबाहेर काढायचा होता.

ट्रिप शोधली माझ्या मुलीने, पल्लवीने. ती गच्चीबोवलीला कंप्युटरचं काम करते. मोबाईल दाखवत म्हणाली, "आई, नवशिक्यांसाठी माउंटन बायकिंग. मांजरा नदीच्या काठाने, पाणथळीतून."

"डोंगर कुठाय त्यात?"

"डोंगर नाहीये. सायकल डोंगराची आहे."

म्हणजे डोंगराची सायकल घेऊन चिखलात जायचं. शिकलेल्या लोकांचं सगळं असंच. हा ब्लॉगही तिनेच उघडून दिला. ती मराठी बोट लावून वाचते, त्यामुळे माझ्या चुका काढायला घरात कुणी नाही. तुम्हीही काढू नका. मी पाचवी शिकलेय आणि दिवसाला दोनशे पोळ्या करून विकते, मला वेळ नाही.

रविवारी पहाटे साडेपाचला निघालो. ह्यांना गाडीत बसवलं ते "संगारेड्डीला इडली खाऊन येऊ" असं सांगून. खोटं नव्हतं, इडली खाल्लीच. मुंबई हायवेने पटनचेरूपर्यंत ट्रक, ट्रक आणि ट्रक. सातच्या आत पटनचेरू ओलांडा, नाहीतर मग ट्रकांची पाठ वाचत बसा. संगारेड्डीला टिफीन सेंटरवर इडली-वडा चांगला मिळतो. चटणी तिखट आहे, मागून रडू नका. तिथून पुढे वीसेक किलोमीटर लहान रस्ता, दोन्ही बाजूंनी कापूस आणि ऊस. ह्यांनी विचारलं, "संगारेड्डीही मागे राहिलं ना?" पल्लवी म्हणाली, "बाबा, अजून एक चहा पिऊ." बापाची परत मनगटावर बोटं.

नदीच्या बॅकवॉटरजवळ एका शेतात ट्रिपवाल्यांचा तळ आहे. पत्र्याची शेड, लिंबाचं झाड, रांगेत लावलेल्या सायकली. जाड टायर, पुढे स्प्रिंगा, आणि सीट अशी की बसलं की आपले सगळे गुन्हे आठवतात. माणशी सातशे रुपये, त्यात सायकल, हेल्मेट आणि दुपारचं जेवण. तळ चालवणारी लावण्या नावाची तेलुगू बाई, तिशीतली, आवाज शाळेच्या घंटेसारखा. तिने सगळ्यांना उभं करून सांगितलं, "लाल रिबीन आसान रस्ता, आठ किलोमीटर. नीली रिबीन बडा रस्ता. झाडांकू बांधे हैं. रिबीन देखते जाओ, रिबीन छोडके किधर भी नक्को जाओ."

"मगरी आहेत का?" मी विचारलं. म्हणजे हिंदीत विचारलं.

"हौ अम्मा, है. उधर गहरे पानी में. पर उनकू नींद बहुत प्यारी."

आमच्याकडेही एक आहेत तसले, मी मनात म्हटलं. हे लिंबाखाली खुर्ची ओढून बसलेच होते.

"अहो, उठा."

"तुम्ही या जाऊन. मी बसतो."

"बसायला घरी सोफा आहे. त्यासाठी पेट्रोल कशाला जाळलं?"

"सुमन, मला दम लागला तर? इथे दवाखाना कुठाय?"

यावर मी ओरडले. पल्लवीने समजावलं. काही उपयोग नाही. लावण्याने मात्र एक सायकल आणून ह्यांच्यापुढे उभी केली आणि दुसऱ्यांचे हेल्मेट बांधायला गेली. आता हा माणूस यंत्र समोर असताना हात लावल्याशिवाय राहत नाही. ब्रेक दाबला. परत दाबला. "मागचा उशिरा धरतोय," म्हणाले. पाना मागितला, तार आवळली, चाक फिरवून ब्रेक मारला. मग बसून बघावं लागेल म्हणाले. बसले. शेडला एक फेरी, मग दुसरी. मी नुसती उभी. काही बोलले नाही, हे आमच्या लग्नात फार वेळा झालेलं नाही.

"ट्रायल बरोबर आहे," असं म्हणून ते निघालेच.

वाट खरंच सोपी आहे. आधी उसाच्या कडेने बैलगाडीची चाकोरी, मग बांध, मग पाण्याच्या कडेने मऊ मातीची पाऊलवाट. चढ नाही म्हटलं तरी चालेल. वाळू लागली तर हलका गिअर टाका आणि पायडल मारत राहा. पुढचा ब्रेक दाबलात तर नाकावर पडाल. नजर चाकावर नको, पुढे ठेवा. हे सगळं लावण्याने सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. पाळलं नाही, तो भाग पुढे आहे.

दोनशे मीटरवर बाभळीला पहिली लाल रिबीन. आणि ह्यांनी कच्चकन ब्रेक मारला. मी मागून धडकता धडकता वाचले.

"काय झालं? दुखतंय?"

"लाल आहे."

"अहो, ती रिबीन आहे!"

"दिसतंय मला."

"लाल म्हणजे इकडून जा, असं सांगितलंय तिने!"

"डोक्याला कळलं. हात ब्रेकवर गेला, त्याला मी काय करू? एकतीस वर्षांत एकदाही न थांबता लाल ओलांडला नाही." आणि मनगट वर केलं. मला वाटलं नाडी. नाही, घड्याळ. "ऑटोमॅटिक सिग्नलला लाल असेल तर दिवसा एक मिनिट थांबायचं, रात्री दोन. मग शिटी देऊन जपून पुढे."

बरोबर एक मिनिट थांबले. घंटी वाजवली. निघाले. पुढच्या रिबिनीला परत तेच. आठ किलोमीटरला किती रिबिनी असतात ते तुम्ही मोजा, मला मोजून राग येतो. पल्लवी हसून हसून पुढे निघून गेली. ग्रुपमधलं एक पुण्याचं जोडपं मागून आलं, चकचकीत चष्मे, गुडघ्याला पॅड, जसे लढाईला निघालेत. "काकू, काका ठीक आहेत ना?"

"सिग्नलला उभे आहेत," मी म्हटलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि गेले.

सहाव्या रिबिनीला माझा धीर संपला. "तुम्ही या तुमच्या टाइमटेबलने," म्हणून मी सुटले. काय वेग! वारा, पाणी, पाणकणसांचं रान, बगळे उडतायत. मी कुठे बघतेय रिबिनी? वाट आपोआप अरुंद झाली, मऊ झाली, मग काळी झाली, आणि मग वाट नव्हतीच. पुढचं चाक बुडालं आणि मी पाणकणसांत आडवी. उठायला गेले तर गुडघ्यापर्यंत चिखल. एक पाय काढला की दुसरा आत. चप्पल तिथेच राहिली, कुणाला मिळाली तर ठेवून घ्या. आणि मग मगरी आठवल्या. मी हाका मारल्या. पुढे गेलेल्यांना ऐकू येईना.

किती वेळ गेला माहीत नाही. मग लांबून घंटी ऐकू आली. मग एक मिनिट काही नाही. मग परत घंटी. आयुष्यात इतकं मोठं मिनिट मी बघितलं नाही.

वाकलेल्या गवतावरून ह्यांनी ओळखलं मी कुठे वळले ते. सायकल नीट झाडाला लावली, पँट दुमडली आणि सरळ चिखलात उतरले.

"येऊ नका! पल्लवीला बोलवा! अहो, ती सायकल उचलू नका, जड आहे!"

त्यांनी उचलली. डोक्यावर धरून बांधावर नेऊन ठेवली. परत आले, मला काखेत हात घालून ओढलं. मी आपली बोलतेच आहे, दम लागेल, वाकू नका, जोर लावू नका.

"आठ महिने हेच ऐकतोय मी," ते म्हणाले. रागाने नाही. सिग्नलचा नियम सांगितला त्याच आवाजात. "गेटपाशी गेलो की तू खिडकीत येतेस. तुझं तोंड बघितलं की वाटतं, आपल्याला खरंच काहीतरी होणार."

माझं तोंड मला कधी दिसलं नव्हतं.

पुढची वाट ते पुढे, मी मागे. प्रत्येक रिबिनीला मीही थांबले. करता काय, बिनचपलेचा पाय पायडलवर टिकत नव्हता. पण सांगते, पाणथळ बघायची तर हीच रीत. चालत्या सायकलवरून नुसतं गवत दिसतं. मिनिटभर उभं राहिलं की गवतात टिटवी दिसते, तिची पिल्लं दिसतात, लांब चोचीचे गुलाबी शेपटीचे पक्षी एका पायावर उभे दिसतात. सगळ्यात शेवटी पोचलो. जेवणात भात, पप्पू म्हणजे त्यांचं वरण, आणि गोंगुरा म्हणजे अंबाडीची चटणी होती, शिवाय घरून नेलेले माझे धपाटे. पुण्याच्या जोडप्याने चार खाल्ले.

नवशिक्यांनी जावं का? जावं. थंडीत जावं, बूट घालून जावं आणि रिबिनी बघत जावं.

घरी आल्यावर दोन दिवस माझी कंबर धरली होती. ह्यांना काहीच नाही, याचा मला थोडा रागच आला. मंगळवारी सकाळी पल्लवीची जुनी सायकल पुसून दारात उभी. "तारनाक्याला जाऊन येतो," म्हणाले.

गोळी खिशात आहे का, फोन घेतला का, पूल चढताना उतरून चालाल का, असे सात प्रश्न माझ्या दातांपर्यंत आले. मी खिडकीकडे पाठ करून पोळ्या लाटत म्हटलं, "येताना कढीपत्ता आणा."

अडीच तासांनी आले. घामेजलेले, टोळीच्या गप्पा तोंडात, आणि कढीपत्ता विसरलेले. मी काही बोलले नाही असं लिहिलं तर छान वाटेल, पण खोटं होईल. अर्धा तास बोलले. फक्त कढीपत्त्यावर.