आफ्रिकेला निघालेले फादर मढला उतरले

किस्से बाकाखालच्या धुळीसारखे असतात. आज झाडून काढा, उद्या तेवढेच जमलेले! मढच्या बाजूला आमचं छोटं चर्च आहे, तिथे मी चाळीस वर्षं घंटा वाजवतोय, मेणबत्त्या लावतोय, झाडलोट करतोय. त्यामुळे माझ्याकडे धूळ आणि किस्से दोन्ही भरपूर. एकट्या फादर बिनय यांचेच एवढे आहेत की मी सांगायला बसलो की माझी बायको रोजी आतून ओरडते, "पेद्रू, भात लावू का उद्याच लावू?"

तर फादर बिनय. मूळचे झारखंडचे, वय पस्तिशीचं. यांना मिशनवर आफ्रिकेला जायचं होतं. दोन वर्षं बसून तिकडची स्वाहिली शिकले. इंजेक्शनं घेतली, बॅग भरली. आणि व्हिसा आला नाही! वरून चिठ्ठी आली ती अशी, की आता मढला जा आणि तिथली मराठी मिस्सा सांभाळ. मराठीशी यांचा काही संबंध नाही.

आमची मराठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, रविवारी सकाळी सातची. येणारी तीसेक माणसं, सगळी माझ्यासारखी पिकलेली. पोरं मोठ्या चर्चला इंग्लिश मिस्साला जातात. तिथले मोठे फादर बरेच दिवस म्हणत होते की ही मराठी बंद करू, सगळे तिकडेच या. शेवटी एवढं ठरलं की आमच्या चर्चच्या जानेवारीतल्या सणापर्यंत बघायचं. नव्या फादरला लोकांचं समजलं आणि लोकांना फादरचं, तर मिस्सा राहील. नाहीतर बंद.

मी शाळेत गेलेलो नाही. इंग्लिश मिस्सात कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, हे मी पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघून करतो. पुढचा जरा खाजवायला उठला तरी मी उभा! त्यामुळे माझा जीव या सातच्या मिस्सात अडकलेला.

*

फादर जूनमध्ये फेरीबोटीतून उतरले तेव्हा सामान आफ्रिकेचंच होतं. ही मोठी मच्छरदाणी, मलेरियाच्या गोळ्यांचा डबा, आणि हाताने दांडा मारून पाणी गाळायचा एक फिल्टर.

रोजीला हसू आवरेना. "फादर, हे मुंबई आहे! इथे नळाला पाणी येतं!"

फादरनी मान हलवली आणि फिल्टर कोपऱ्यात ठेवला.

तिसऱ्या दिवशी पाइप फुटला. नळ बंद, विहिरीचं पाणी गढूळ. संध्याकाळी फादरच्या दारात अख्खी गल्ली हंडे घेऊन उभी, फादर घामाघूम होऊन दांडा मारतायत, आणि रांगेत पहिला नंबर कोणाचा? रोजीचा!

*

भाषा शिकायची तर कानावर पडली पाहिजे. पण आमच्या लोकांची एक खोड आहे. समोर बाहेरचा माणूस दिसला की तोंडातून आपोआप हिंदी निघते. फादर बिचारे शिकवणीत पाठ केलेलं वाक्य घेऊन जायचे. "आज मासळी कशी आहे?" समोरून उत्तर, "एकदम ताजा है फादर, ले जाओ!"

तीन महिने गेले, फादरची मराठी तिथेच. मी सगळ्यांना जमवलं. म्हटलं, "अरे, मिस्सा वाचवायची आहे ना? मग आजपासून फादरशी हिंदी बंद! जो बोलेल त्याने चर्चचा एक बाक फडक्याने पुसायचा."

"झकास!" सगळे म्हणाले.

महिन्याभरात बाक असे चकचकीत झाले की म्हाताऱ्या बसल्या जागी घसरायला लागल्या. सगळ्यात जास्त बाक मी पुसले.

*

शेवटी रस्ता सापडला तो फादरनाच. त्यांच्या लक्षात आलं की ही माणसं एकमेकांशी भांडताना मात्र कधी हिंदीत जात नाहीत.

मग कुठे आवाज चढला की फादर हजर. एकदा नळावर दोघींची जुंपलेली. फादर येऊन बाजूला हाताची घडी घालून उभे राहिले. एकीने पदर सावरला. "काही नाही फादर, आमचं आपलं असंच."

फादरचा चेहरा पडला. "थांबू नका ना," ते म्हणाले. "चालू द्या. चांगलं चाललं होतं."

शेजारी हिरूबाय टोपली घेऊन बसलेली. ही कोळीण, देवीची भक्त, पण चर्चच्या फाटकाशीच बसून मासळी विकते. ती म्हणाली, "अगं बायांनो, तो एवढा लांबून आलाय. त्याच्यासाठी तरी भांडा!"

तेव्हापासून गावात भांडण सुरू व्हायच्या आधी कोणीतरी फादरना बोलावून आणायचं. निम्मी भांडणं त्यांची वाट बघता बघताच मिटली.

*

आता कन्फेशनची गंमत. शनिवारी संध्याकाळी फादर पडद्याआड बसतात, माणसं एकेक करून पापं सांगून येतात. आमच्याकडे पाच-सहा जण यायचे. फादर बिनय आले आणि रांग फाटकाच्या बाहेर! मालवणीहून, मार्व्याहून रिक्षा करून माणसं यायला लागली.

मला केवढा आनंद! मी जाकूला म्हटलं, "बघ, फादरचा पायगुण." जाकू माझा लहानपणापासूनचा दोस्त, बोटीवर जन्म गेला त्याचा.

जाकू म्हणाला, "पायगुण कसला रे येड्या! त्याला काही समजत नाही ना, म्हणून! देवाला पोचतं आणि फादरला कळत नाही. असा फादर परत मिळणार आहे का? मी तर बारीक बारीकसुद्धा सांगून टाकली."

ऑक्टोबरपासून रांग आटायला लागली. पंधरा, मग दहा. एका शनिवारी जाकू पडद्यामागून बाहेर आला तो कानापर्यंत लाल.

"काय झालं रे?"

"वाट लागली पेद्रू," तो म्हणाला. "त्याने मला उलट प्रश्न विचारला!"

त्या रात्री मी देवापुढे एक मेणबत्ती जास्त लावली.

*

फादरचं स्वतःचं पहिलं मराठी प्रवचन नोव्हेंबरात झालं. आधी ते कोणाकडून तरी लिहून आणायचे आणि वाचायचे. त्या दिवशी कागद घरीच ठेवला. घर सोडून गेलेला मुलगा बऱ्याच वर्षांनी परत येतो, ती बायबलातली गोष्ट सांगत होते. मुलगा दारात आला. बाप बाहेर आला. आता बाप काय बोलतो म्हणून आम्ही ऐकतोय.

फादरनी कमरेवर हात ठेवले. नळावरच्या आवाजात म्हणाले, "आलास? कुठे मेला होतास एवढे दिवस? आईने दोनदा भात गरम केला तुझ्यासाठी! उभा काय राहिलास खांबासारखा? पाय धू आणि जेवायला बस!"

मला वाटलं, संपलं. कोणीतरी जाऊन मोठ्या फादरना सांगणार.

तेवढ्यात फाटकाकडून हिरूबायचा आवाज आला, "बरोब्बर बोलला! बाप असाच बोलतो!"

चाळीस वर्षांत आमच्या चर्चला बाहेरून आमेन आलं ते तेवढंच.

मिस्सा संपायच्या आधीच जाकू उठून गेला. मागून बघतो तर बाहेर भिंतीला टेकून फोनवर. त्याचा मुलगा दुबईला, दोन वर्षं बोलणं नव्हतं. जाकू फोनमध्ये ओरडत होता, "मेलास का तिकडे? आई भात गरम करून कंटाळली!"

*

जानेवारीत सणाच्या आधीच्या गुरुवारी मोठे फादर आले. हातात डायरी. माणूस वाईट नाही, पण त्यांची मराठी चार शब्दांची. मला हिंदीत म्हणाले, "आज मैं लिख के जाऊँगा. चालू या बंद."

दुपारी निरोप आला की कातरीन बायने फादर बिनयना बोलावलंय. कातरीन बाय नव्वदीला टेकलेली, पलंगाला खिळलेली. अकरा वर्षं तिने कन्फेशन केलं नव्हतं. कोणी फादर आला आणि हिंदीत बोलला की भिंतीकडे तोंड करायची. "माझं दुःख मी हिंदीत सांगू होय?" म्हणायची.

मोठे फादर म्हणाले, "चलो, मैं भी आता हूँ."

फादर बिनय आत गेले, दार लोटलं. आम्ही दोघं बाहेर ओट्यावर बसलो. समोर हाताच्या अंतरावर तिच्या जावेचं, एस्तेल बायचं दार. या दोघी जावा तीस वर्षं एकमेकींशी बोललेल्या नव्हत्या. बोंबील वाळत घालायच्या काठ्या कोणी कोणाच्या हद्दीत रोवल्या, यावरून सुरू झालेलं. काठ्या कधीच मोडून गेल्या. बोलणं बंद ते बंद.

आतून कातरीन बायचा आवाज बारीक बारीक येत होता. शब्द कळत नव्हते, आणि ऐकायचेही नसतात. मी जरा लांब सरकलो. एक तास झाला. मोठ्या फादरनी दोनदा घड्याळ बघितलं. मग आतला आवाज थांबला. फादर बिनय काहीतरी थोडंसंच बोलले.

दार उघडलं. फादरचे डोळे लाल होते.

मोठ्या फादरनी विचारलं, "समझा? सब कुछ?"

"ते सांगता येत नाही फादर," फादर बिनय मराठीतच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पेद्रूमामा, एक खुर्ची आणा. यांना बाहेर न्यायचंय."

मी आणि फादर, दोघांनी कातरीन बायला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. अंगात वजन म्हणून नाही. तिने बोट दाखवलं तिथे नेली आणि एस्तेल बायच्या दारासमोर ठेवली. गल्लीतल्या बाया हातातलं काम टाकून बघायला लागल्या.

कातरीन बायने श्वास घेतला आणि हाक मारली, "एस्तेल! ए एस्तेल! चहा टाक!"

आत भांडं पडल्याचा आवाज आला.

मोठे फादर माझ्या कानाशी आले. "क्या बोली?"

"चाय माँगा," मी म्हटलं. "तीस साल के बाद."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग फादर बिनयकडे, मग त्या बंद दाराकडे. डायरी उघडून एक ओळ लिहिली आणि मला म्हणाले, "सात बजे का सात बजे ही रखो."

दार अजून बंदच होतं. फादर बिनय खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे. कातरीन बाय हलली नाही.

मग आतून एस्तेल बायचा आवाज आला, फाटलेला.

"साखर घालू, का तुला पण डायबेटीस झालाय?"