बिलच्या वळूला मी शेळी म्हणालो

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण या किश्शात शेवटी गाढव मीच ठरतो.

सून स्वातीला सातवा लागला होता, म्हणून आम्ही दोघं अमेरिकेत मॉरिसव्हिलला आलो होतो. साल असेल दोन हजार चार. ही डिंकाचे लाडू वळायची आणि मी सगळ्यांच्या खोड्या काढायचो. कंटाळून मुलगा सुनील म्हणाला, "बाबा, माझ्या ऑफिसातल्या बिलचं गुरांचं फार्म आहे. शनिवारी सगळेच जाऊ. तिथं काय बोलायचं ते बोला."

ही गुरं पुढं कुठं जातात ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. पण काय ती जनावरं! कोळशासारखी काळी, पाठ अशी सपाट की वर अंथरूण घालून झोपावं. मी चौथीत शाळा सोडून बैलबाजार पालथे घातलेला माणूस, पण माझाही आ वासलेला.

कुंपणात दोन वळू होते. एक नुसता डोंगर. दुसरा लांबोळा, खांद्यात अरुंद. बिलनं त्या दुसऱ्याला थोपटलं. पहिल्यांदा विणाऱ्या कालवडींसाठी यंदाही हाच, म्हणाला.

"सुनील, त्याला सांग, ही शेळी आहे. वळू तो पलीकडचा."

"बाबा, असं कसं सांगू?"

"इंग्रजीत सांग. आणि हेही सांग, मी जन्मलो तेव्हा साडेनऊ पौंडांचा होतो. सुईणीचे हात भरून आले होते. नर असा असावा लागतो."

त्यानं सांगितलं. बिल हसला आणि आम्हाला शेजारच्या कुरणात घेऊन गेला. तिथं एक कोवळी कालवड कळा देत होती. पोटात त्याच शेळीचं वासरू.

"मरतुकडं निघणार," मी म्हणालो. हिनं डोळे वटारले. स्वातीनं हिचा हात घट्ट धरला होता.

कालवड आडवी झाली. दोन पाय दिसले, त्यांवर टेकलेलं नाक, मग खांदे, आणि सळकन अख्खं वासरू गवतावर. कुणी हातसुद्धा लावला नाही. आई उठून चाटायला लागली. माझी कॉफी संपायच्या आत ते लटपटत उभं राहिलं आणि आचळ शोधायला लागलं. मी टोपी काढून हातात घेतली.

बिल सांगत होता, सुनील मराठी करत होता. "वळू आज केवढा दिसतो ते नंतर. जन्मला तेव्हा केवढा होता, त्याची वासरं केवढी होतात, ते आधी. बापाचा थोराडपणा वासरात उतरतो, खांदे अडकतात, आणि भोगते आई."

जन्मभर मी वळू बघितले ते वळूच्या बाजूनं. हा माणूस गाईच्या बाजूनं बघत होता.

तेवढ्यात ही सावकाश माझ्याकडे वळली. "अहो, आपला सुनील दहा पौंडांचा. दोन दिवस अडले होते मी. तुमच्या आई म्हणायच्या, हिनं हालचाल केली नाही म्हणून. आणि तुम्ही पेढे वाटत होतात, बापावर गेलाय म्हणून."

सुनीलनं तेही इंग्रजीत सांगितलं. मेल्याला हे सांगायला कुणी सांगितलं होतं? बिलनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, तुम्हाला त्यानं कालवडींच्या कुंपणात सोडलंच नसतं."

ही पदर सावरत म्हणाली, "माझे वडील स्थळ बघायला आले, तेव्हा सोबत असा एक बिल हवा होता."