परबची तीस मशिनं

बंद पडलेल्या कॉम्प्युटरला परब लगेच हात लावत नसे. ज्याच्या हातून तो बंद पडला त्याने सगळ्या बॅचसमोर उभं राहून काय केलं ते सांगायचं, मगच परब खुर्चीतून उठणार. "काहीच नाही केलं सर, आपोआप झालं," असं कोणी म्हटलं की तो आणखी मागे रेलायचा. "आपोआप? मशीन आपोआप मरत नाही, राजा. मारेकरी लागतो. बोल, कसं मारलंस?" वीस मुलं खिदळायची आणि उभं असलेलं एक रडायच्या बेताला यायचं.

साकीनाक्याला गाळ्यांच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास आहे. मी शिकवते. परब मशिनं सांभाळायचा. तीस मशिनं, आणि प्रत्येकात दोन सिस्टीम: अकाउंटिंगच्या बॅचला विंडोज, प्रोग्रामिंगच्या बॅचला लिनक्स. मशीन चालू केलं की पडद्यावर दोन ओळींचा मेनू यायचा, हवी ती ओळ निवडायची. मला नोकरीवर घेताना मालक म्हणाले होते, "परबला शिकवता येत नाही, तुम्हाला दुरुस्ती येत नाही. म्हणून मला दोन माणसं ठेवावी लागतात." परब तेव्हा शेजारीच उभा होता. त्याला कळायचं ते कळलं. त्या दिवसापासून दुरुस्तीला बसला की तो आधी मॉनिटर भिंतीकडे वळवायचा.

पहिल्याच आठवड्यात मी मारेकरी ठरले. एका मशीनमधली जागा संपली होती. विंडोजमधून बघितलं तर डिस्कवर बिननावाचा एक मोठा भाग पडून होता. मी तो उडवला आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. काळा पडदा, वर इंग्रजीत एक ओळ, खाली लुकलुकणारी रेघ. तो भाग म्हणजेच लिनक्स होतं. विंडोजला ते ओळखता येत नाही, म्हणून मला ते रिकामं वाटलं. आणि मेनूही त्याच भागात असल्यामुळे आता विंडोजसुद्धा उघडेना.

परबने मला माझ्याच विद्यार्थ्यांसमोर उभं केलं.

"सांगा बाई."

"तो भाग रिकामा वाटला."

"वाटला! शेजारणीच्या दाराला कुलूप दिसलं म्हणून तिचं घर पाडलंत? मुलांनो, वहीत लिहून घ्या. बाई सांगतील त्याच्या उलट करायचं."

मग मॉनिटर भिंतीकडे करून त्याने वीस मिनिटांत विंडोज चालू करून दिलं.

पण काम करताना त्याला तोंड बंद ठेवता येत नसे. "आधी वाच, गाढवा. पडद्यावर काय लिहिलंय ते वाच. अक्षरं दिसतात म्हणजे जीव आहे. मग चालू व्हायच्या क्रमात पहिला नंबर कोणाचा ते बघ. मग पेनड्राइव्ह लाव. उठसूट फॉरमॅट मारतो तो हजाम." त्याच्या प्रत्येक अपमानात एक पायरी असायची. मी अपमान सोडून द्यायचे आणि पायरी उतरवून घ्यायचे. रविवारी कांदिवलीला घरी मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर दोन्ही सिस्टीम टाकून त्या मुद्दाम बिघडवायचे आणि दुरुस्त करायचे. दीड वर्षात दोन वह्या भरल्या. एकच गोष्ट मिळाली नाही. चालू व्हायचा क्रम बदलण्यासाठी पासवर्ड लागायचा. तो परबने तिसांनाही लावला होता आणि मालकांनाही सांगितला नव्हता. "मी गेलो की ही सगळी सती जाणार," असं तो हसत म्हणायचा.

स्नेहल नावाची आमची एक विद्यार्थिनी होती. नोकरीच्या चाचणीच्या आदल्या दिवशी ती स्वतःचा लॅपटॉप घेऊन आली. मदरबोर्ड बदलल्यापासून पडद्याच्या कोपऱ्यात विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा अशी ओळ येत होती. परबने लॅपटॉप सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. "हे बघा, चोरीचा माल." ती म्हणत राहिली, "नाही सर, दुकानातून नवा घेतलाय सर." तो लॅपटॉप तसाच फिरवत राहिला. ती निघून गेली ती परत आली नाही.

परवाना जुन्या बोर्डाला जोडलेला असतो, बोर्ड बदलला की तो पुन्हा जोडावा लागतो, एवढंच ते होतं. मी परबला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं की. बाहेरच्या माणसाकडून बोर्ड बदलला ना? मग भोग म्हणावं."

त्यानंतर मला त्याची कीव कधी आली नाही.

यंदा खालच्या गाळ्यात काहीतरी जळलं, विजेचा दाब भलताच वाढला आणि आमच्या आठ मशिनांचे बोर्ड गेले. नवे बसवले. आठही सरळ विंडोजमध्ये जायला लागली, मेनू गायब, आणि आठांचंही अ‍ॅक्टिव्हेशन गेलेलं. दुसऱ्या दिवशी परीक्षा केंद्रासाठी तपासणी होती. परबला वाटलं, आपला दिवस आला. हाताची घडी घालून तो मालकांना म्हणाला, "मला कायम करताय असं लिहून द्या. मग उठतो."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी उठले.

पासवर्ड जुन्या बोर्डांत होता, आणि जुने बोर्ड भंगारात होते; नव्यांना पासवर्डच नव्हता. परबलाही ते कळलं असणार, पण बाईला कुठे काय येतं, या भरवशावर तो बसून राहिला. पेनड्राइव्हवरून एकेक मशीन चालू करून मी मेनू पुन्हा बसवला आणि त्याला पहिला नंबर दिला. मग विंडोजमध्ये क्लासच्या खात्याने शिरून, हार्डवेअर नुकतंच बदललंय हा पर्याय निवडून, यादीतल्या जुन्या मशीनचा परवाना नव्याला जोडला. एकही मॉनिटर भिंतीकडे वळवला नाही. पहिलं मशीन झालं तेव्हा परब हसला. चौथं झालं तेव्हा त्याने हाताची घडी सोडली. दुपारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत आठही झाली.

मालकांनी विचारलं, "मग आता परब कशाला हवा?"

"नको," मी म्हटलं.

"पण बाकीच्या बावीस मशिनांचे पासवर्ड?"

"अनुभवाचं पत्र द्यायच्या आधी लिहून घ्या." ही युक्ती माझी.

महिनाअखेरीला परबने पासवर्ड लिहिलेला कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला. आम्ही दोघंही मालवणकडचे, पण इतक्या दिवसांत तो माझ्याशी कधी मालवणीत बोलला नव्हता. आता बोलला, मुलीच्या शिक्षणाचं सांगत, अगदी हळू. "बाई, तुमी सांगलास तर मालक आयकतले. चेडवाचा शेवटचा वरस आसा. शिपाय म्हणान ऱ्हवतंय."

मी सांगितलं असतं तर मालकांनी खरंच ऐकलं असतं. केबिनचं दार उघडं होतं आणि ते आत रिकामेच बसले होते.

"बघते," मी म्हटलं.

परब तिथेच उभा राहिला. मी कागद घेतला आणि बावीसपैकी पहिल्या मशीनवर पासवर्ड चालतो का ते तपासलं. चालत होता. मग मी पाचची बॅच घ्यायला गेले.