गुरुवारचा पाळणा

"रोलर कोस्टरमध्ये बसायचं नसेल तर थीम पार्कला जायचं कशाला बरं? बागेत जाऊन झोके घे की!" कल्पनाताई म्हणाल्या.

"आन उलटं टांगून घ्यायला वर पैसं बी द्यायचं? कंपनीत काय कमी टांगत्यात?" सुनंदाताईंनी लगेच सुनावलं.

संत तुकाराम नगरातल्या माझ्या ट्रॅव्हल ऑफिसात हे बराच वेळ चाललं होतं. दोनदा चहा झाला होता. माझ्यासमोर स्क्रीनवर दोन पार्क उघडी होती आणि दोन्हीकडे मी दोन-दोन जागांचा होल्ड टाकला होता. होल्ड म्हणजे पैसे न भरता जागा अडवून ठेवणं. संध्याकाळी सहापर्यंत चालतो, मग आपोआप सुटतो. माझ्या धंद्यात निम्मा जीव या होल्डमध्ये अडकलेला असतो.

"ताई, सहा वाजायला आलेत," मी म्हणालो. "ठरवा. नाहीतर दोन्ही जातील आणि मग तुम्ही सारसबागेत जाल."

या दोघी भोसरीतल्या एकाच कंपनीत, एकाच टेबलावर इन्स्पेक्शनला होत्या. पार्ट तपासायचा, बरा असेल तर ट्रेमध्ये, नसेल तर लाल डब्यात. समोरासमोर बसून वर्षानुवर्षं हेच. सुनंदाताई मोशीच्या जुन्या घरातल्या थोरल्या सून. कल्पनाताई लातूरकडच्या, नवऱ्याच्या नोकरीमागं इकडं आलेल्या. एकीचा डबा दुसरीनं खायचा, असा त्यांचा कारभार. मग कल्पनाताईंना माण गावातल्या आयटी पार्कच्या कँटीनमध्ये सुपरवायझरची नोकरी लागली. पगार बरा, पण सुट्टी रविवारी.

इथं बाहेरच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या एमआयडीसीत सुट्टी गुरुवारची. पूर्वी वीज पुरवून वापरायची म्हणून वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे वार वाटून दिले, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला. आमच्याकडच्या कंपन्यांच्या कॅलेंडरवर रविवार काळा आणि गुरुवार लाल. आमची लग्नाची बोलणी, दाढी, मटण, सगळं गुरुवारी. माझा धंदाही त्याच्यावरच उभा आहे, कारण पार्कवाल्यांच्या लेखी गुरुवार म्हणजे कामाचा दिवस. तिकीट स्वस्त, रांगा लहान. म्हणून मी दर गुरुवारी सीट-इन-कोच बस सोडतो. म्हणजे अख्खी गाडी न घेता आपल्यापुरती सीट घ्यायची. कामगार माणसाला परवडेल अशी सहल एवढीच.

तर एकीचा गुरुवार, दुसरीचा रविवार. टेबल सुटल्यापासून दोघी दिवसभर म्हणून एकत्र आल्या नव्हत्या. शेवटी कल्पनाताईंनी मॅनेजरच्या मागं लागून डिसेंबरातल्या एका गुरुवारची रजा दिवाळीतच मंजूर करून घेतली. ऑफिसवाले सुट्ट्यांवर जातात तेव्हा कँटीन रिकामं असतं, म्हणून तोच एक दिवस मिळाला. आणि सुनंदाताईंना सासूबाईंनी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी खुशीत सांगितलं होतं, "जा एकदा मैतरणीसंगं." नवरा नाही, पोरं नाहीत, दीर-जावा नाहीत. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

आता प्रश्न एवढाच, की कुठं. घाटाखालचं पार्क नवं आणि जवळ, पण तिकीट महाग. रोलर कोस्टर तिथला. मुंबईकडचं पार्क जुनं, स्वस्त, पण लांब, आणि तिथं आकाशपाळणा मोठा. कल्पनाताईंना पहिलं हवं होतं, सुनंदाताईंना दुसरं.

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, ऐका. डिसेंबरातल्या शेवटच्या गुरुवारी त्या बसबरोबर तुम्ही जाऊ नका. उद्यापन आहे. माझ्या माहेरच्या येणारेत, फळं कोण आणणार?"

"बरं, बरं. शेवटचा गुरुवार, उद्यापन. नाही जात," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

वर बघतो तर सुनंदाताईंचा चेहरा पांढरा पडलेला.

"भाऊ, कुठला गुरुवार म्हनला?"

मी तारीख सांगितली. तीच तारीख. स्क्रीनवर होल्ड टाकलेली.

"अगं बाई! मार्गशीर्षाचा शेवटचा गुरुवार!" त्या कपाळावर हात मारून खाली बसल्या. "आमच्याकडं अख्ख्या आळीचं हळदीकुंकू असतंय गं. घट मीच मांडते. थोरली ना मी!"

कल्पनाताईंनी स्क्रीनवरची तारीख पुन्हा वाचली. त्याही ते गुरुवार धरतात. दोघींनी तारीख बघितली ती कंपनीच्या कॅलेंडरवर. त्याच्यात गुरुवार लाल, बाकी काही लिहिलेलं नसतं. आमच्या अंगात गुरुवार म्हणजे सुट्टी हे इतकं मुरलंय, की गुरुवार देवाचाही असतो हे कुणाच्या डोक्यात येत नाही. मी तरी कुठला शहाणा? दरवर्षी मार्गशीर्षात माझी गुरुवारची बस निम्मी रिकामी जायची, आणि दरवर्षी मी म्हणायचो, थंडी फार पडलीय.

"तारीख पुढं ढकला," सुनंदाताई म्हणाल्या.

"मला दुसरी रजा कोण देणार?" कल्पनाताई उसळल्या. "तुला काहीच कसं कळंना गेलंय? रविवारी तू मोकळी नाहीस, गुरुवारी मी मोकळी नाही. हा एक दिवस होता. आता तो बी तू लाल डब्यात टाकायलीस!"

"मी टाकते व्हय? देवाचं हाय ते!"

"मग राहू दे. देवाचंच कर."

त्यांनी पर्स उचलली. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. गिऱ्हाईक जातं त्याचं काही नाही, रोज जातं. पण या दोघींचं आता जे तुटेल ते पुन्हा सांधायला दिवसच शिल्लक नव्हता, आणि हे दोघींनाही कळत होतं. कल्पनाताई दाराशी जाऊन थांबल्या, पण बाहेर काही पडल्या नाहीत.

मी हिशेब मांडायला लागलो. "घाटाखालचं घेऊ. पूजा पहाटे मांडा. पार्कमधून तीनला निघालात तर दिवेलागणीला मोशीत."

"लिहून देता?" सुनंदाताईंनी विचारलं.

नाही देत. इतकी वर्षं धंदा करतोय, पण घाटातून परत यायची वेळ मी कुणाला लिहून दिली नाही. एक कंटेनर आडवा झाला की संपलं.

"मग सासूबाईंना विचारा," मी म्हणालो.

"मी? त्यांना? भाऊ, त्यांनी एकदा 'जा' म्हनलंय. आता 'शेवटच्या गुरुवारी जाते' म्हनलं तर ते एकदाचं बी जाईल. परत न्हाई भेटायचं मला." त्यांचे डोळे भरले. मग एकदम म्हणाल्या, "तुमीच करा की फोन."

गिऱ्हाइकाच्या घरच्या भानगडीत पडायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. तिकीट विकावं आणि गप्प बसावं. पण सहाला बारा मिनिटं होती आणि दारात एक बाई पर्स धरून उभी होती. लावला फोन. स्पीकरवर टाकला.

"कोन बोलतंय?" पलीकडून खणखणीत आवाज.

"मावशी, मी ट्रॅव्हलवाला बोलतोय. तुमच्या सुनंदाताईंच्या सहलीबद्दल..."

"काय झालं तिला?"

"काही नाही, काही नाही. बशीत बिस्किट बुडवतायत." सुनंदाताईंनी माझ्याकडं डोळे वटारले. "जरा तारखेचा घोळ झालाय." मग मी सगळं सांगितलं. मैत्रिणीची रजा, गुरुवार, उद्यापन, घाट.

"मावशी?"

"ऐकतेय. त्या तुमच्या बागंत पाळणा हाय का?"

"हां?"

"पाळणा रं! जत्रंत असतोय त्यो. मोठा."

"आहे. मुंबईकडच्या पार्कात आहे. लय मोठा. पण ते लांब आहे, मावशी, यायला उशीर..."

"आमच्या भोसरीच्या जत्रंत येतो दरसाली. मी आन माझी पारू, आमी पोरीबाळी असल्यापासनं ठरवलेलं, एकदा दोघींनी बसायचं. एका साली तिची सासू आजारी. एका साली माझं बाळंतपन. एका साली कायतरी पूजा. काय ना काय निघायचंच. म्हनायचो, पुढच्या साली. पारू गेली, बाबा. पाळणा अजून येतोय."

कल्पनाताई दारातून आत आल्या आणि सुनंदाताईंच्या शेजारी बसल्या.

"पाळण्याचंच तिकीट काढ," मावशी म्हणाल्या. "सकाळी घट मांडून जाऊ दे तिला. हळदीकुंकू मी बघते, ती यायच्या आदी मी काय करत न्हवते व्हय? फकस्त आरतीला ती पायजे. आमी थांबू."

"मावशी, गाडीला उशीर झाला तर?"

"थांबू म्हनलं ना! लक्ष्मीला कुटं गाडी पकडायची हाय?"

फोन ठेवला. सहाला चार मिनिटं होती. मी घाटाखालचा होल्ड सोडला आणि मुंबईकडची तिकिटं काढली. रोलर कोस्टरबद्दल कल्पनाताई चकार शब्द बोलल्या नाहीत. मैत्रिणीच्या पाठीवर एक सणसणीत धपाटा घातला तेवढा.

तो गुरुवार उजाडला. जाताना बस वेळेवर गेली. दुपारी सुनंदाताईंचा फोटो आला, दोघी पाळण्याच्या डब्यात, उपवासाचे राजगिऱ्याचे लाडू हातात. मी निर्धास्त झालो आणि तिथंच चुकलो. परतीला बस घाटात अडकली. पुढं कंटेनर बंद पडलेला. ड्रायव्हर फोनवर म्हणाला, "शेठ, हलत नाही काही." मग त्याचीही रेंज गेली.

मावशींचा फोन आला. "कुटं आल्या?"

"घाटात आहेत, मावशी."

थोड्या वेळानं परत. "घाटातच?"

"घाटातच."

तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मला घरात बसवेना. स्वतःच्या घरचं उद्यापन, माहेरची माणसं, सगळं अर्ध्यात सोडून मी दुचाकी काढली आणि मोशीच्या चौकात जाऊन उभा राहिलो. बायको काय बोलली ते इथं लिहीत नाही. मनात एकच, या बाईला जन्मात एकदा 'जा' म्हणून मिळालं आणि माझ्या बसनं त्याची माती केली, तर पुन्हा कुठल्या तोंडानं तिकीट विकू?

साडेआठला बस आली. बसच्या दारात सुनंदाताई आधीच उभ्या. मी पुढं झालो, तशी त्या उतरून धावायलाच लागल्या. कल्पनाताई मागं. त्यांना खरं तर त्याच बसनं पुढं जाऊन घराकडची गाडी पकडायची होती, पण त्याही उतरल्या. आम्ही तिघं आळीत शिरलो.

अंगणात चपलांचा हा ढीग. एकही बाई घरी गेली नव्हती. लेकरं ओट्यावर पेंगुळली होती, बाया गप्पा मारत बसल्या होत्या, आणि घटापुढं निरांजन तयार होतं, न पेटवलेलं. मावशी दारात. काठीला टेकून.

सासूबाईंना बघून सुनंदाताई रडायलाच लागल्या. "आत्या, उशीर झाला वो..."

"रडतीस काय? हातपाय धू. बसलीस का पाळण्यात?"

"बसले."

"वर गेल्यावर पोटात कसं होतंय?"

"आधी गोळा येतो. मग लय हलकं वाटतंय."

"अस्सं होय," मावशी म्हणाल्या आणि मान हलवत राहिल्या. मग त्यांची नजर कल्पनाताईंवर गेली. त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या, दिवसभराच्या उपवाशी, परक्या घरी.

"तू तिची मैतरीण ना गं? बाहेर का? ये आत. पहिलं कुंकू तुला."

मावशींनी त्यांना पाटावर बसवलं, कुंकू लावलं, हातात फळ दिलं आणि मग दोघींच्या हातात एकच आरतीचं ताट दिलं. एका बाजूनं एकीनं धरलं, दुसऱ्या बाजूनं दुसरीनं. मी बाहेर चपलांजवळ उभा राहून टाळ्या वाजवल्या. तेव्हा कुठं भूक कडकडून लागली.

तेव्हापासून माझ्या ऑफिसात दोन कॅलेंडरं आहेत, एक कंपनीचं आणि एक बायकोनं आणून टांगलेलं. तारीख दोन्हीकडं बघितल्याशिवाय होल्ड टाकत नाही. मार्गशीर्षात बस रिकामी गेली तर थंडीला शिव्या देत नाही. आणि मैत्रिणी-मैत्रिणी तिकीट काढायला आल्या, भांडायला लागल्या, 'पुढच्या वेळी बघू' म्हणायला लागल्या, की मी त्यांचं काहीएक ऐकत नाही. सरळ पैसे भरून घेतो.