पटच्या वेळची शांतता

आज सकाळी टीव्हीवर गोल्फ लागलं होतं. शेवटच्या होलवर तो उंच, खांदे पाडून चालणारा खेळाडू चेंडूवर वाकला आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातला मिक्सर थांबला. वहिनीने बंद केला होता.

हा नियम दादाचा. खेळाडू पट मारायला, म्हणजे चेंडू हलकेच ढकलून होलमध्ये घालायला, उभा राहिला, की घरात कुणी बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही. "अरे, सातासमुद्रापलीकडच्या माणसाला आपला मिक्सर ऐकू जातो का?" मी चिडवायचो. "आपल्या हातात तेवढंच आहे ना," तो कुजबुजायचा.

या खेळाडूवरून तर आमची कायम जुंपायची. मी म्हणायचो, भित्रा आहे, शेवटच्या होलवर याचे हात कापतात, हा जन्मात जिंकणार नाही. दादा म्हणायचा, "जिंकेल. थांब जरा."

दादाच थांबला नाही. गेल्या श्रावणात गेला.

चेंडू घरंगळत काठाशी आला, रेंगाळला आणि आत पडला. टोपी तोंडावर धरून तो धिप्पाड माणूस चक्क रडायला लागला.

"भाऊजी, पडला का हो?" वहिनीने आतून हळूच विचारलं.

"पडला. जिंकला तो."

इतकी वर्षं ठणकावून सांगितलेलं माझं मत साफ खोटं ठरलं होतं आणि ते मला ऐकवायला कुणी नव्हतं. फार लांब गेलेल्या माणसासाठी आपल्या हातात काय उरतं? आवाज न करणं, तेवढंच.

आत मिक्सर पुन्हा सुरू झाला नाही. मीही टीव्हीचा आवाज बंद केला.