हसून झालं असन तर तपासा

"घरी बोलता ना, तसंच बोला तिच्याशी. लाजू नका."

मॅडमनं माइक माह्या तोंडासमोर धरला. समोर हॉलभर थेरपी शिकणाऱ्या पोरी, पांढऱ्या कोटातल्या. स्टेजवर सतरंजी. सतरंजीवर माही चार वर्षांची पोट्टी, अन् तिच्या पुढ्यात लाल बॉल. मी बोलली, "ये वो माय, बॉल दे ना मले. काहून बसून राहिली अशी? चल, लान तो."

हॉल हसला.

पोट्टीनं बॉलकडे पाह्यलंच नाही. ती वर पंख्याकडे पाहत होती. मॅडम म्हणाल्या, मागच्यांना ऐकू आलं नाही, परत एकदा. मी परत बोलली. आता मागच्याही हसल्या.

मंग मॅडमनं त्यायले इंग्रजीत काहीतरी समजावलं. अन् माह्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "बघा ताई, वऱ्हाडीत हे इंग्रजी 'बॉल', छत्तीसगढी 'लान', तीन भाषांची खिचडी करता तुम्ही. मूल बोलणार कसं?"

मी हव, बरोबर आहे म्हटलं. सगळ्यांसमोर, मान खाली घालून. त्या हवची मले आजही चीड येते.

माही पोट्टी बोलत नाही. नाव घेतलं तरी वळून पाहत नाही. मी घरी शिवणकाम करतो, गोल बाजारातल्या एका दुकानाच्या साड्यांचं फॉल-पिको. पोट्टी माही रिळं घेते, फरशीवर ओळीनं लावते, अन् एक रीळ कोणी हलवलं तर डोकं आपटून घेते. नवरा रेल्वेच्या कारखान्यात आहे. आम्ही वर्ध्याकडचे, आता छत्तीसगढी मुलखात, रेल्वे कॉलनीत राहतो. इथल्या नव्या राजधानीत अशा पोरांसाठी सरकारी पैशातून सेंटर निघालं, तपासणी फुकट, थेरपी फुकट, असं ऐकलं तवा वाटलं, चला, देवानं दार उघडलं. सीट भेटली. अट एकच, शिकाऊ पोरींना दाखवायसाठी अधूनमधून स्टेजवर यावं लागन. आम्ही आया त्याले शो म्हणायचो.

अन् सेंटरच्या मोठ्या मॅडम निघाल्या मराठी. पुण्याच्या. चौबे कॉलनीत, मोठ्या लोकांच्या वस्तीत राहायच्या. पहिल्या दिवशी मी किती खुश झाली, काय सांगू. नवऱ्याले म्हटलं, आपलं माणूस आहे, आपलं दुखणं समजून घेईन. आपलं माणूस! त्या आपल्या माणसानंच मले पायरी दाखवली. दुसऱ्या कोणी हसलं असतं तर एवढं लागलं नसतं.

पोट्टीची तपासणी म्हणाल तर एवढीच झाली. टेबलाशी बसवलं, ठोकळे दिले, तिनं रचले नाही, झालं. कान तपासले नाही. घरी काय करते, कशानं हसते, पाणी कसं मागते, कोणी विचारलं नाही. मी सांगायले गेली तर मॅडम माह्या बोलण्यातले शब्दच वेचत बसल्या. त्या शोनंतर हुकूम आला. घरात एकच भाषा. इथल्या शाळेत चालते ती शुद्ध हिंदी. बाकी सगळं बंद.

मी ऐकलं. पोट्टी बोलन म्हणून मी काहीही ऐकलं असतं.

घर मुकं झालं बापा. मी पोट्टीले म्हणायची, "बेटा, पानी पीजिए." स्टेशनवर गाडीची सूचना देते ना ती बाई, तशी. नवरा कामावरून आला की काय बोलावं ते ठरवून बोलायचा. मंग बोलायचाच नाही. सगळ्यात वाईट सासूचं झालं. तिले वऱ्हाडीशिवाय काही येत नाही. अन् पोट्टीचं सगळ्यात जास्त तिच्याशीच जमायचं. सासू बोलत असली की पोट्टी जवळ जाऊन तिच्या गळ्यावर तळवा ठेवायची. आवाज हातानं धरायची. चांगली पाच-दहा मिनिटं. दुसऱ्या कोणाजवळ ती एवढी टिकत नव्हती.

सासूले मी सांगितलं, आई, पोट्टीसमोर बोलू नका. मॅडमचा हुकूम माह्या तोंडातून निघाला. त्या दिवशी पोट्टी आली, गळ्यावर हात ठेवला, वाट पाह्यली. सासूनं ओठ घट्ट दाबून घेतले. पोट्टीनं हात उचलला अन् स्वतःच्याच डोक्यावर मारून घेतला. परत परत. सासू पदरात तोंड घालून रडली, तेही आवाज न करता.

अन् पोट्टी बोलली का? नाही. होतं तेवढंही जवळ येणं बंद झालं.

उन्हाळा लागता लागता दुसरा शो ठरला. आम्ही लवकर पोचलो. मॅडम व्हरांड्यात फोनवर होत्या. त्यांचं पोरगं होतं तिकडून. मॅडम म्हणत होत्या, "अरे सोन्या, ब्रेकफास्ट फिनिश कर ना पटकन. आजी को दे फोन. नो टीव्ही हं, मम्मा गुस्सा करेगी."

मी जागच्या जागी थांबली.

ही काय होती मंग? बासुंदी? तीन भाषा एका श्वासात. तिचं पोरगं म्हणे इंग्रजी शाळेत पहिलं येते. आमच्या पाऱ्यातले, मोहल्ल्यातले पोट्टेही असेच वाढतात. घरात वऱ्हाडी, गल्लीत छत्तीसगढी, शाळेत हिंदी. सगळे पटापट बोलतात, शिव्याही तिन्ही भाषांत देतात. चौबे कॉलनीत हेच केलं तर पोरगं हुशार. रेल्वे कॉलनीत केलं तर बिमारी. आपला तो बाब्या, लोकाचं ते कार्टं.

माह्या डोक्यातून धूर निघत होता. इतके महिने मी घराचा गळा दाबला होता, अन् कशासाठी? हिले माही बोली ऐकवत नव्हती म्हणून.

स्टेजवर गेलो. तीच सतरंजी, तोच बॉल. मॅडम शिकाऊ पोरींना म्हणाल्या, आता घरी शुद्ध हिंदी चालू आहे. मंग मले म्हणाल्या, "ताई, आधी हिंदीत सांगा. नंतर मागच्या वेळेसारखं बोला. मुलींना फरक कळू दे." पुढच्या रांगेतल्या पोरींनी मोबाइल वर केले. हसू ओठावर तयारच होतं.

मी माइक हातात घेतला.

"मॅडम, सकाळी व्हरांड्यात पोराशी तुम्ही किती भाषा बोलल्या?"

पुढच्या पोरींचे मोबाइल खाली आले. मॅडमचा चेहरा उतरला. म्हणाल्या, विषय तो नाहीये. मी म्हटलं, विषय तोच आहे.

"माही बोली तपासून झाली. हसून झालं असन तर आता माह्या पोट्टीले तपासा."

मॅडम जवळ आल्या. माइकवर हात ठेवून हळू बोलल्या, "सीट जाईल, ताई." मी म्हटलं, सीट तुमच्या घरची नाही. पोट्टीले कडेवर घेतलं अन् खाली उतरली.

नवरा भडकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आता कुठं नेशील पोट्टीले, तोंड आवरता येत नाही का तुले? त्याचंही खोटं नव्हतं. दुसरं सेंटर परवडायचं नाही. पण सकाळी मी सासूले म्हटलं, आई, बोला. जे वाटन ते बोला. सासू जी सुरू झाली, ती दुपारपर्यंत थांबली नाही.

सेंटरनं सीट अडकवून ठेवली आहे. कारण सांगत नाही. म्हणून आमच्या नंबरच्या दिवशी मी, सासू अन् पोट्टी बसनं जातो अन् सेंटरच्या दारासमोरच्या बाकड्यावर बसतो. आत घेत नाही. आम्ही बसतो. सासू मोठ्यानं गप्पा मारते. मागच्या आठवड्यात अभनपूरकडच्या एका आईले शोसाठी बोलावलं. ती माह्या शेजारी येऊन बसली अन् म्हणाली, "मैं नइ जावंव." म्हणजे, मी नाही जाणार.

पोट्टी बोलली नाही अजून. कदाचित बोलणार नाही. कोणी तोंडी भलत्या आशा लावल्या तर मले आता राग येतो. पण तिले काय येते, काय येत नाही, तिचे कान कसे आहेत, तिले मागायले कसं शिकवायचं, हे मले पाहिजे. तिच्या हक्काचं आहे, खैरात नाही.

काल शिपाई बाहेर आला. हळूच म्हणाला, "दीदी, मॅडम कह रही हैं, एक बार सॉरी बोल दो, आज ही नंबर लगा देंगे."

मी म्हटलं, "भैया, मॅडमले सांग, पोट्टीचं वय जाऊन राहिलं. सॉरी म्हणायले माह्यापाशी टाइम नाही. तपासणी कधी करता, ते विचार."